वाफेचे इंजिन आणि तेलाची बुधली

वाफेचे इंजिन म्हटले की आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना धूर, शिट्टी आणि फार तर निरोपाचा फलाट आठवतो. ते अवजड धूड चालवणाऱ्याच्या हाती तेलाची बुधलीही असे, हे सहसा ध्यानात येत नाही. माझे आजोबा भुसावळच्या शेडमध्ये आधी फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. "गाडी हाकणं म्हणजे निम्मं तेल देणंच," असे ते सांगत. त्यांच्या या बोलण्यात बरेच शास्त्र दडलेले आहे.

बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालणे आपल्याकडे जुनेच. रेल्वे आल्यावर तेच एरंडेल तिच्याही कामी आले. विलायतेत सिलिंडरमध्ये गुरांची चरबी घालीत. पण वाफेच्या उष्णतेने चरबीतून आम्ले सुटत आणि तीच धातूला खात. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली, त्यानंतर जड खनिज तेलांनी हळूहळू चरबीची जागा घेतली.

तेलाने घर्षण कमी होते हे सर्वांना ठाऊक होते. का होते, हे मात्र नीटसे उमगले नव्हते. १८८३ च्या सुमारास बीचॅम टॉवर या इंग्रज अभियंत्याने एक कणा तेलात अर्धवट बुडवून फिरवला. वर अर्धगोल बेअरिंग, त्यावर भार. तेल घालावे म्हणून बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडले, तो तेल आत जाण्याऐवजी उलट वर आले! बूच मारले, लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर ढकलली गेली. दाबमापक लावला तेव्हा काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. भार मात्र सरासरी १०० पौंडांचाच होता. म्हणजे फिरता कणा स्वतःच तेल फटीत ओढून घेतो आणि सगळा भार त्या पातळ थरावर तरंगतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचे गणित मांडले.

याचाच दुसरा अर्थ असा, की उभे इंजिन तरंगत नाही. धातू धातूवर टेकलेला असतो. म्हणून निघण्यापूर्वी इंजिनाभोवती फिरून दांडे, सांधे, कण्यांच्या पेट्या यांना तेल द्यायचे आणि गाडी सावकाश हलवायची. पेट्यांतील तेल लोकरीच्या वातीतून झिरपे, आपल्या समईच्या वातीत चढते तसेच. थांब्यावर आजोबा खाली उतरून प्रत्येक पेटीला हात लावून पाहत. हात टेकवेना, तर आतला मऊ धातू वितळण्याची भीती. मग वाटेतच गाडी अडणार आणि मागच्या साऱ्या गाड्या खोळंबणार.

सिलिंडरची तऱ्हा निराळी. तिथे बुधली पोहोचत नाही. तेल वाफेबरोबरच पाठवावे लागते. जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० मध्ये यावर युक्ती काढली. थोडी वाफ तेलाच्या भांड्यात सोडायची. तिचे पाणी होऊन तळाशी बसते आणि हलके तेल वरच्या वर नळीत ढकलले जाते. पुढे त्याला काचेची नळी जोडली गेली. तीतल्या पाण्यातून तेलाचा एकेक थेंब वर चढताना दिसे, आणि ड्रायव्हर ते थेंब मोजून तोटी कमीजास्त करी.

थंड सिलिंडरात वाफेचे पाणी होते. पाणी दाबले जात नाही. पिस्टनने ते कोंडले तर सिलिंडरचे झाकण फुटू शकते. म्हणून सुरुवातीला खालच्या तोट्या उघड्या ठेवीत. स्टेशनात इंजिनाच्या पायथ्याशी उडणारे ते पांढरे फवारे, ज्यांवर आपले कवी लुब्ध होतात, ते हेच!

आता उताराचे. बोरघाटात चढ ३७ फुटांस १ फूट. अशा ठिकाणी उतरताना वाफेची गरजच काय, असे कोणालाही वाटेल. पण वाफ पुरती बंद केली की धावता पिस्टन पंपासारखा ओढू लागतो. पुढच्या धुराड्याच्या पेटीतील उष्ण वायू आणि राख आत येते, तेल जळून त्याची काजळी होते. म्हणून जाणता ड्रायव्हर उतारावरही रेग्युलेटर किंचित उघडा ठेवी. ती वाफ गाडी ओढण्यासाठी नव्हतीच. तिच्याबरोबर तेल पिस्टनपर्यंत पोहोचत राहावे, एवढ्याचसाठी होती.