बिअरचे विरजण

विरजण बिघडलेले असेल, तर दूध कितीही निरसे घ्या, दही लागते ते आंबट नि तार सुटलेले. आपल्याकडच्या कोणत्याही आजीबाईंना हे सांगावे लागत नाही. डेन्मार्कमधल्या एका बड्या बिअरवाल्याला मात्र याच गोष्टीपायी घाम फुटला होता.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्याचे मालक याकोब्सेन हे ते गृहस्थ. १८४५ साली त्यांनी थेट म्यूनिकहून यीस्ट आणले. घोडागाडी थांबेल तिथे उतरायचे आणि यीस्टच्या डब्यांवर गार पाणी ओतायचे! इतकी निगा राखूनही १८८३ साली त्यांच्या बिअरची चव बिघडली, तिला नकोसा वास येऊ लागला. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एमिल हान्सेन यांनी दोष हुडकून काढला. गव्हात तण माजावे, तसे चांगल्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट शिरले होते. हान्सेननी यीस्ट पाण्यात इतके विरळ केले, की एकेक पेशी सुटी व्हावी. मग एकाच पेशीपासून अवघा वंश वाढवला. आणि याकोब्सेननी हे निर्भेळ वाण कडीकुलपात न ठेवता इतर कारखानदारांनाही मोफत दिले, शेजारणीला वाटीभर विरजण द्यावे तसे! धंद्यात एवढे मोठे मन क्वचितच पाहायला मिळते.

घरी बिअर करण्याची हौस ब्रिटन-अमेरिकेत दांडगी. ब्रिटनमध्ये १९६३ साली परवान्याची अट उठली, अमेरिकेत १९७८ साली कायदा सैल झाला. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा ठरतो, तेव्हा वाचकांनी बाह्या सरसावू नयेत.) तिथली हौशी मंडळी मुख्य घाट घालण्याआधी एक-दोन दिवस यीस्ट वाढवून घेतात. याला ती 'स्टार्टर' म्हणतात. आपण खुशाल विरजण म्हणावे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अशा आंबवणाला 'किण्व' हा शब्द आहे, आणि आपला 'किण्वन' हा शास्त्रीय शब्द त्यातूनच आला.

कृती सोपी. मोड आणून वाळवलेल्या सातूच्या अर्काची शंभर ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात घालून दहा-पंधरा मिनिटे उकळायची. हे पाणी दुधासारखेच उतू जाते, तेव्हा भांडे मोठे हवे. मग झाकून पुरते निवू द्यायचे, कारण गरम पाण्यात यीस्ट मरते. उकळून घेतलेल्या बाटलीत ओतून त्यात द्रव यीस्ट सोडायचे. तोंड सैल झाकायचे. घट्ट बूच मारले तर आतल्या वायूने बाटली फुटायची. अधूनमधून हलवत राहायचे, म्हणजे हवा मिसळते, आणि वंश वाढवायला यीस्टला हवा लागते. कोरड्या यीस्टच्या पुडीला सहसा एवढा सोपस्कार लागत नाही.

हा खटाटोप कशासाठी? वीस लिटर गोड काढ्यात मूठभर दमलेले यीस्ट टाकले, तर ते जोम धरेपर्यंत भलतेच जंतू घर करून बसतात. दोन दिवसांनी बाटलीच्या तळाशी पांढरट साय बसली आणि पावासारखा वास आला, की काम झाले. कुबट वास आला, तर मात्र जीव न अडकवता सारे मोरीत ओतायचे.