घरातील चौक मोडू नका

पैनगंगा ओलांडली की तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. उन्हाळ्यात तेथे पारा 45 अंशांच्या घरात जातो. त्या उन्हावरील पूर्वजांचा उपाय दोन्ही भाषांस ठाऊक आहे : आपण ज्यास चौसोपी वाडा म्हणतो, तसल्याच घरास तेलुगू भाषेत ‘मंडुवा’ म्हणतात.

त्याचे रहस्य साधे आहे. रात्री उघड्या आभाळाखाली चौक निवतो. थंड हवा जड असल्याने तेथेच साचते व सोप्यांत पसरते. मातीच्या जाड भिंतींतून दिवसाची धग आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. याउलट पत्र्याचे छप्पर भर दुपारी भट्टी पेटविते, तर सिमेंटचा स्लॅब रात्रीही उष्णता ओकतो. तान्ही मुले व अंथरुणास खिळलेले वृद्ध यांना तो ताप सर्वांत अधिक भोगावा लागतो.

तेलंगणा सरकारने 2023 साली शीतल छपरांचे धोरण जाहीर केले, ते याच चिंतेपोटी. स्लॅबवर पांढरा चुना दिला तरी बरेचसे ऊन माघारी फिरते.

मोठा वाडा सर्वांस परवडणारा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु नवे घर आखताना लहानसा का होईना, चौक राखावा. खिडक्या समोरासमोर ठेवाव्यात. आणि वाचकहो, जुने घर पाडण्यापूर्वी वैशाखातील एक दुपार त्याच्या सोप्यात बसून पाहावे. मगच निर्णय घ्यावा.