तीन आठवड्यांनी चढणारे विष

जंगलातली अळंबी विषारी आहे की नाही, हे ओळखण्याची एक युक्ती जगात सगळीकडे सांगितली जाते. आधी थोडीशी खाऊन पाहायची आणि एक रात्र थांबायचे. सकाळी पोट ठीक असेल तर बाकीची शिजवायची. ही युक्ती किती घातक आहे, हे कोर्टिनेरियस या प्रजातीइतके स्पष्टपणे दुसरे कोणी दाखवून देत नाही. हिच्यातल्या काही जातींचे विष एका रात्रीत बोलत नाही. ते कधी दोन-तीन दिवस, तर कधी दोन-तीन आठवडे गप्प बसते. त्रास सुरू होतो तेव्हा आपण अळंबी खाल्ली होती, हेसुद्धा माणूस विसरलेला असतो.

कोर्टिनेरियस ही छत्रीखाली पापुद्रे असलेल्या अळंब्यांची जगातील सर्वांत मोठी प्रजाती मानली जाते. तिच्यात दोन हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. जनुकीय अभ्यासाच्या आधारे २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी या कुटुंबाची दहा प्रजातींत फेरमांडणी केली; तरीही कोर्टिनेरियसचा पसारा मोठाच राहिला. लॅटिन भाषेत ‘कोर्टिना’ म्हणजे पडदा. अळंबी कोवळी असताना छत्रीची कड आणि देठ यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम पडदा असतो, त्यावरून हे नाव पडले. इंग्रजीत हिला ‘वेबकॅप’ म्हणतात. छत्री उघडली की पडदा फाटतो आणि देठावर त्याचे चार तंतू उरतात. त्यांवर गंजाच्या रंगाचे बीजाणू साचतात. जाणकार या दोन खुणा आधी शोधतात. मात्र पावसाने तंतू धुऊन गेले, तर ही ओळखही पुसली जाते.

जमिनीवर दिसते ती फक्त छत्री. खरा जीव मातीत असतो. या बुरशीचे तंतू पाइन, स्प्रूस, बर्च, ओक अशा झाडांच्या मुळांना लपेटून राहतात. झाड त्यांना साखर देते आणि तंतू झाडाला मातीतले नत्र व स्फुरद मिळवून देतात. उत्तर युरोपातील थंड जंगले ज्या देवघेवीवर उभी आहेत, तिच्यात या प्रजातीचा वाटा मोठा आहे. काही जाती जांभळ्या, काही रक्तासारख्या लाल असतात. लाल जातींपासून लोकर रंगवण्याचा छंद स्कँडिनेव्हियात आजही जोपासला जातो. म्हणजे ही सगळी प्रजातीच वाईट आहे, असे नाही. प्रश्न आहे तो तिच्यातल्या मोजक्या तपकिरी-नारिंगी जातींचा.

पोलंडमधले कोडे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोर्टिनेरियस अळंब्यांना निरुपद्रवी समजले जात होते. १९५२ मध्ये पोलंडमध्ये शंभराहून अधिक लोक आजारी पडले. तहान भागेना, कंबर दुखू लागली, लघवी आधी वाढली आणि मग कमी होत गेली. त्यांपैकी ११ जण दगावले. हा काही साथीचा आजार नव्हता आणि दूषित पाण्याचाही प्रश्न नव्हता. स्तानिस्लाव ग्झिमावा या पोलिश डॉक्टरने रुग्णांच्या जेवणाचा मागोवा घेतला, तेव्हा सर्वांच्या ताटात एकच अळंबी सापडली : कोर्टिनेरियस ओरेलानस. जेवण आणि आजार यांच्यात अनेक दिवसांचे अंतर होते, म्हणूनच हा संबंध आधी कोणाच्या लक्षात आला नव्हता. त्याच अळंबीवरून विषाला ‘ओरेलानिन’ हे नाव मिळाले. कोर्टिनेरियस रुबेलस या जातीतही हेच विष असते.

हे विष उकळल्याने जात नाही, तळल्याने जात नाही आणि वाळवल्यानेही कमी होत नाही. रक्तातून ते लवकर नाहीसे होते, पण मूत्रपिंडात साठून राहते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी रक्तातून गाळलेले पाणी, क्षार आणि साखर परत शोषून घेतात. ओरेलानिन नेमके या पेशींना मारते. पॅराक्वाट आणि डायक्वाट या तणनाशकांशी त्याच्या रेणूचे साम्य आहे. त्याच्यावर उतारा नाही. डॉक्टर शरीराला आधार देऊ शकतात, गरज पडल्यास डायलिसिस करतात आणि मूत्रपिंड सावरते का, याची वाट पाहतात. काहींचे सावरते, काहींना कायमचे डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागते.

‘द हॉर्स व्हिस्परर’ या कादंबरीचे ब्रिटिश लेखक निकोलस इव्हान्स यांच्यावर हीच वेळ आली. ऑगस्ट २००८ मध्ये स्कॉटलंडमध्ये नातेवाइकांकडे असताना त्यांनी, त्यांच्या पत्नीने, मेहुण्याने आणि मेहुण्याच्या पत्नीने रानातली अळंबी खाण्याजोगी समजून शिजवून खाल्ली. ती कोर्टिनेरियस होती. चौघांपैकी तिघांना डायलिसिसवर जावे लागले. इव्हान्स यांना २०११ मध्ये त्यांच्या मुलीने मूत्रपिंड दिले. रानावनाची ओळख असलेल्या, शिकलेल्या माणसांच्या घरात एका जेवणाने एवढे घडले. टोपलीतली अळंबी कोणीतरी नीट पाहिली असेलच, असे स्वयंपाकघरातला प्रत्येकजण गृहीत धरतो; अशा अपघातांमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

विषातूनच औषध?

ओरेलानिन नलिकांच्या पेशींनाच शोधून मारते, या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार याच नलिकांच्या पेशींपासून सुरू होतो. हा कर्करोग फुप्फुसात किंवा हाडात पसरला, तरी त्याच्या पेशी आपला मूळ स्वभाव बऱ्याच अंशी सोडत नाहीत. मग तिथेही ओरेलानिन त्यांना गाठेल का? स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी हा विचार पुढे नेला आणि प्रयोगशाळेत त्याला आशादायक उत्तरे मिळाली. माणसांवरील चाचण्यांसाठी निवडलेले रुग्ण होते आधीच डायलिसिसवर असलेले, म्हणजे ज्यांच्या मूत्रपिंडाला गमावण्यासारखे काही उरलेले नाही असे. हे औषध अजून दवाखान्यात पोहोचलेले नाही.

आपल्यासाठी धडा

वेबकॅप ही थंड प्रदेशातली अळंबी आहे. पावसाळ्यात कोकण-गोव्यात वारुळावर उगवणारी अळंबी वेगळ्याच प्रजातीची असते. पण शिक्षण-नोकरीसाठी युरोपात गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांना शरद ऋतूत टोपली घेऊन जंगलात जाण्याचा छंद लागतो, आणि गावाकडची जुनी ओळख तिथे उपयोगी पडत नाही. चांदीचा चमचा काळा पडणे, लसूण निळा होणे, अळंबीला किडीने खाल्लेले असणे या खुणांना तर कुठेच अर्थ नाही. गोगलगायीला जे पचते, ते माणसाला पचेलच असे नाही.

नियम साधे आहेत. अळंबी नावानिशी, खात्रीने ओळखता येत नसेल तर ती तोडायची नाही. मोबाइलवरील ओळख सांगणाऱ्या अॅपच्या भरवशावर ती पातेल्यात जाऊ नये. रानातली अळंबी शिजवली, तर दोन-चार कच्च्या अळंब्या देठाच्या बुंध्यासकट कागदात गुंडाळून बाजूला ठेवाव्यात आणि फोटो काढावा. खाल्ल्यानंतर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ते यकृतावर घाला घालणाऱ्या अळंबीचे लक्षण असू शकते; थांबू नये, रुग्णालय गाठावे. एकाला त्रास झाला तर सोबत जेवलेल्या सर्वांची तपासणी व्हावी, कारण एकाच ताटातले खाऊनही प्रत्येकाला सारखा त्रास होत नाही.

अकारण तहान, कंबरदुखी, थंडी वाजणे किंवा लघवीत बदल जाणवला, तर डॉक्टर विचारतात, ‘काल काय खाल्ले?’ रानातली अळंबी खाणाऱ्याने गेल्या तीन आठवड्यांचे जेवण आठवून सांगायला हवे. पोलंडमधल्या डॉक्टरला जे उत्तर अनेक घरे पालथी घालून मिळाले, ते रुग्णाने स्वतःहून दिले तर उपचारांचे मोलाचे दिवस वाचतात.