उतारवयातील नौकाबांधणी

पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ती सर्वदूर आहे. परंतु जवळच्या अंतोरे बंदराची व धरमतर खाडीतील शिडांच्या मचव्यांची आठवण आता थोड्यांनाच राहिली आहे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी ती लाकडी प्रतिकृतीच्या रूपाने जागवावी, असे आम्ही सुचवितो.

साठीनंतर हा छंद आरंभिणाऱ्याचा उत्साह बहुधा मोठ्या जहाजाकडे धावतो. आमचेही तसेच झाले. आंग्र्यांच्या आरमारातली तीन डोलकाठ्यांची गुराब करावयास घेतली आणि एकाच बाजूच्या फळ्या आधी बसविल्या. ताण एकीकडे पडून पठाण, म्हणजे नौकेचा कणा, पिळवटला. दोन महिन्यांचे श्रम वाया गेले. नातवंडे हसली नाहीत, याचेच अधिक वाईट वाटले.

फळी डावीकडे एक, उजवीकडे एक, याच क्रमाने बसवावी. तत्पूर्वी फासळ्यांच्या कडा कानशीने उतरत्या कराव्या, म्हणजे फळी नीट टेकते. पातळ पट्टी भिजवून वाकवावी. मात्र ती पुरती वाळल्यावाचून चिकटवू नये, कारण वाळताना लाकूड आकसते.

आरंभ एकशिडी मचव्यानेच करावा. 1:48 या प्रमाणात 12 मीटरांची नौका 25 सेंटिमीटरांची होते व फडताळात सहज मावते. दिवसाउजेडी तासभरच बसावे. हात कापतो, ही अडचण खरी. परंतु मनगट टेकून चिमटा धरल्यास ती पुष्कळ कमी होते.

मोडकी गुराब आम्ही टाकलेली नाही. तिच्या शेजारी आता मचवा उभा आहे, आणि त्याचे शीड धाकट्या नातीने शिवले आहे.