पाचर लावून घेतलेला काप

सांगली शहरात ‘टिंबर एरिया’ नावाचा एक भागच आहे. वखारींपुढे बाभूळ, कडुनिंब, आंबा, निलगिरी असे ओंडके रचलेले असतात, आणि आतून सॉ मिलचा एकसुरी आवाज येत राहतो. अशाच गिरण्या कराडला, साताऱ्यालाही आहेत. तिथे येणारा पुष्कळसा माल शेताच्या बांधावरचा. विहिरीला पैसे कमी पडले किंवा मुलीचे लग्न ठरले, की बांधावरचे झाड उतरते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गिरणीत येते. झाडाचे जळण होणार की दारे-खिडक्या, हे तिथे ठरते. म्हणून गिरणीतल्या बँडसॉबद्दल, म्हणजे पट्ट्याच्या करवतीबद्दल, मला आस्था आहे.

बँडसॉची रचना पाहताक्षणी कळते. एकावर एक दोन मोठी चाके आणि त्यांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. खालचे चाक मोटार फिरवते, वरचे पट्टा ताणून धरते. रुळांवरच्या ट्रॉलीत ओंडका बसवून पट्ट्यावर लोटला, की फळी सुटते. विल्यम न्यूबरी या इंग्रजाने १८०८ मध्ये याचे पेटंट घेतले, पण पट्टा सांध्यात तुटायचा, म्हणून यंत्र कितीतरी वर्षे पडून राहिले. १८४६ मध्ये ॲन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी पट्ट्याची दोन टोके पक्की जोडण्याची रीत शोधली, आणि मग करवतीचे हे कूळ वाढले. आजही गिरणीतला जाणता माणूस कोण, तर पट्ट्याला सांधा घालणारा, दातांना फाक देणारा, धार लावणारा. दातांची फाक एका बाजूला जास्त पडली की पट्टा तिकडे ओढतो आणि फळी वाकडी निघते. सांगलीला लागून असलेल्या मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे हात सतार-तंबोऱ्यांकडे वळले. धार समजणाऱ्या हातांची या भागाला कधी वाण नव्हती.

पातळ पट्टा हेच या यंत्राचे खरे बळ. जुनी गोल करवत एका कापात सुमारे पाव इंच लाकूड भुशात घालवते, पट्टा दोन-अडीच मिलिमीटर. दहा काप घेतले तर एका बाजूला अडीच इंच भुसा, दुसऱ्या बाजूला जेमतेम एक. लाकूड घनफुटावर विकत घेणाऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता मुद्द्याचे. आपल्या गिरण्या सरळ काप घेतात: फळी दोन्ही कडांना सारख्या जाडीची. अमेरिकेत आणि युरोपच्या पावसाळी भागांत घराच्या बाहेरच्या भिंतीला मात्र तिरकी फळी मारतात, खालची कड जाड, वरची पातळ. वरच्या फळीची जाड कड खालच्या फळीच्या पातळ कडेवर चढते आणि पाणी पायरीपायरीने खाली उतरते. तीच गोष्ट लांबीत केली की छपराची शिंगल होते. सोळा इंच लांबीच्या शिंगलचा पाच इंच भाग उघडा ठेवतात आणि बाकीचा वरच्या ओळींखाली दडतो, म्हणजे छपरावर कुठेही लाकडाचे तीन थर येतात. आपल्या देशात हे काम हिमालयात दिसते. मनालीच्या १५५३ सालच्या हिडिंबा मंदिराची खालची छपरे लाकडी कौलांचीच आहेत.

तिरकी फळी घेण्याचे गणित फार देखणे आहे. एक इंच जाडीची, म्हणजे पंचवीस मिलिमीटरची फळी उभी धरून कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे चिरली, आणि पट्ट्याने दोन मिलिमीटर खाल्ले, तर उरलेल्या तेवीस मिलिमीटरांतून दोन फळ्या मिळतात: प्रत्येकीची एक कड अठरा, दुसरी पाच. एका फळीच्या लाकडात दोन फळ्यांएवढी भिंत झाकली जाते. चौरसलेल्या ओंडक्यातून थेट कापायचे तर त्याहून सोपे. ट्रॉलीच्या टेकूच्या आणि ओंडक्याच्या मध्ये पाचर सारायची, एक काप घ्यायचा. पाचर काढायची, पुढचा काप घ्यायचा. एकदा वरची कड जाड निघते, एकदा खालची, आणि दोन काप झाले की ओंडका पुन्हा चौरस. नवे यंत्र नको, नवी मोटार नको. फार तर टेकूला नेमक्या मापाची लोखंडी पाचर बसवून घ्यावी.

याची गरज सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेकडे आटपाडी-जतला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. जावळी-पाटणच्या डोंगरात कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा द्यायचा आणि पावसाळ्यापूर्वी वाऱ्याच्या बाजूला गवताच्या झड्या बांधायच्या, ही रीत होती. झड्या गेल्या, पत्रे आले, प्लॅस्टिक आले. रिसॉर्टवाले तर लाकडासारखी दिसणारी सिमेंटची फळी लावतात. त्या भिंतीवर खरी तिरकी फळी का नको?

लाकूड मात्र निवडून घ्यावे लागेल. पाचगणीत सिल्व्हर ओक भरपूर, पण उघड्यावरच्या पावसात तो टिकाऊ नाही. सागाचा गाभा टिकतो. त्याभोवतीचे पांढरे लाकूड किडीला आणि बुरशीला लवकर बळी पडते, ते काढलेच पाहिजे. कापाची दिशाही महत्त्वाची. गाभ्यापासून सालीकडे त्रिज्येच्या रेषेत घेतलेली फळी कमी वाकते. अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये त्यासाठी ओंडका दोन टोकांवर टांगून प्रत्येक कापानंतर थोडा फिरवतात. तिथे फळी आपोआप तिरकी निघते.

कायद्याची बाजूही आहे. जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर सॉ मिलवरचे निर्बंध कडक झाले, आणि नवी गिरणी मन मानेल तशी काढता येत नाही. महाराष्ट्रात वृक्षतोडीसाठी १९६४ चा अधिनियम आहे. जंगल राखायचे तर हे हवेच. म्हणूनच आहे त्या गिरणीत, रीतसर आलेल्या लाकडातून, जास्तीत जास्त भिंत झाकणारा काप घेणे मला शहाणपणाचे वाटते. आज बांधावरच्या सागातून चौकटी निघतात आणि अरुंद तुकडे जळणात जातात. त्यांतल्या गाभ्याच्या चार-सहा इंची तुकड्यांची तिरकी फळी होऊ शकते.

ती बसवताना सुताराने दोन गोष्टी सांभाळाव्यात. सगळ्यात खालच्या फळीमागे बारीक पट्टी द्यावी, म्हणजे पहिली ओळही वरच्यांसारखीच कलते. आणि खिळा खालच्या फळीच्या पातळ कडेच्या किंचित वरून मारावा. दोन्ही फळ्यांतून एकच खिळा गेला, तर उन्हाळ्यात लाकूड आकसताना फळी मधोमध चिरते.