दहापैकी किती? : कॉमिक्सच्या प्रतवारीचे पहिले दिवस

१९६० च्या दशकात अमेरिकेत एखादे जुने कॉमिक मिळवायचे, तर बहुतेकांना टपालाचाच आधार होता. जेरी बेल्स यांनी १९६१ साली डेट्रॉइटहून ‘ऑल्टर इगो’ हे चाहत्यांचे छोटेसे नियतकालिक सुरू केले. फ्लोरिडातून जी. बी. लव्ह यांचे ‘रॉकेट्स ब्लास्ट कॉमिकलेक्टर’ निघू लागले, तर १९७१ मध्ये ॲलन लाइट यांचे ‘द बायर्स गाइड फॉर कॉमिक फँडम’ आले. अशा पत्रांच्या पानापानांवर बारीक टायपात जाहिराती असत : अंकाचे नाव, क्रमांक, किंमत आणि शेवटी एका शब्दात प्रतीची अवस्था. घेणारा ओहायोत असे, विकणारा कॅलिफोर्नियात. आधी चेक जाई, मग पार्सल येई. ‘उत्तम’ म्हणून मागवलेल्या प्रतीच्या कव्हरवर आडवी घडी आहे आणि मधले पान स्टेपलमधून सुटले आहे, हे पार्सल उघडल्यावरच कळे. तक्रार केली तर विकणारा म्हणे, माझ्या दृष्टीने ही प्रत उत्तमच आहे. त्याला खोटे पाडायला माप नव्हते.

व्यावसायिक प्रतवारी जन्माला आली ती या अडचणीतून. माल विकणाराच त्याचा परीक्षक असतो, तोवर प्रामाणिक विक्रेत्यालाही स्वतःच्या प्रतीचे दोष जरा लहानच दिसतात. मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच, की या दोन भूमिका वेगळ्या करायला एका छंदाला चाळीस वर्षे लागली.

अवस्थेला एवढे महत्त्व का आले, हे कागदाकडे पाहिले की समजते. सुपरमॅनला जगापुढे आणणारा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक जून १९३८ चा, किंमत दहा सेंट. छपाई वर्तमानपत्री कागदावर. त्या लगद्यातले आम्ल आतून काम करते. कागद आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि शेवटी बोटात धरला की तुटतो. मुलांनी ही पुस्तके खिशात कोंबली, एकमेकांना दिली, त्यांतली कुपने कापली. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या, त्यांत गठ्ठेच्या गठ्ठे गेले. १९५४ च्या सुमारास कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा ओरडा झाला, अमेरिकी सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि काही गावांत चक्क होळ्या पेटल्या. इतक्यातून जे वाचले ते थोडे, आणि नव्यासारखे वाचले ते फारच थोडे. आपल्याकडेही १९६४ मध्ये सुरू झालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठीतही निघत. त्यांतल्या वेताळाच्या गोष्टींची कोरी वाटावी अशी प्रत शोधणे किती अवघड आहे, हे रद्दीची दुकाने पालथी घालणाऱ्यांना ठाऊक आहे.

टेनेसी राज्यातल्या क्लीव्हलँड गावच्या रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० मध्ये आपली पहिली किंमतसूची छापली. नाणी जमवणाऱ्यांकडे अशा सूच्या आधीपासून होत्या, कॉमिक्सवाल्यांकडे सर्वमान्य अशी नव्हती. ओव्हरस्ट्रीटांनी प्रत्येक अंकापुढे तीन रकाने केले : ‘गुड’, ‘फाइन’ आणि ‘मिंट’. देशभरच्या व्यापाऱ्यांना यामुळे एक समान भाषा मिळाली, हे त्यांचे मोठेच काम. पण तीन शब्दांत सगळे बसवायचे म्हणजे ‘फाइन’ आणि ‘मिंट’ यांच्या मधली मोठी जागा ज्याने त्याने आपापल्या सोयीने वापरली.

तशात १९७७ मध्ये कोलोरॅडोत एक संग्रह उजेडात आला. डेन्व्हर भागातल्या एडगर चर्च नावाच्या जाहिरात-चित्रकाराने वर्षानुवर्षे स्टँडवरची कॉमिक्स विकत घेतली होती आणि घरात थप्प्या लावून ठेवली होती. कुटुंबाने घर रिकामे करायला काढले, तेव्हा चक रोझान्स्की या तरुण दुकानदाराला बोलावणे आले. निघाले अठरा हजारांहून अधिक अंक. त्या प्रदेशातली हवा कोरडी आणि थंड. एकावर एक रचलेल्या थप्प्यांत प्रकाश नाही, हाताळणी नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे अंक काल छापल्यासारखे होते, कागद पांढरा आणि शाई चकचकीत. रोझान्स्कींनी त्यांची किंमत सूचीपेक्षा बरीच चढी लावली तेव्हा पुष्कळजण चिडले. माझ्या मते रोझान्स्की बरोबरच होते. चर्च यांच्या प्रती पाहिल्यावर, आपण इतकी वर्षे ‘मिंट’ म्हणत आलो ते ‘मिंट’ नव्हतेच, हे लोकांना दिसले. मोजपट्टीचे वरचे टोक कुठे आहे याचा पत्ता या संग्रहाने दिला.

किंमत चढली तशी दुरुस्ती करणारेही पुढे आले, आणि हा भाग सगळ्यांत गुंतागुंतीचा आहे. कागद-संवर्धनाची जाण असलेले काही कारागीर खरोखर सुंदर काम करीत. फाटलेल्या कोपऱ्याला पातळ जपानी कागद जोडायचा, उडालेला रंग ॲक्रिलिकने जुळवायचा, डाग द्रावणाने काढायचे, गंजलेल्या स्टेपल बदलायच्या. त्या काळी हे लपवण्यासारखे मानले जात नव्हते. उलट दुरुस्त केलेली प्रत जास्त भावाने जाई. पण त्याच वाटेने दुसरेही लोक आले. कव्हरच्या काळ्या भागावरची पांढरी रेघ मार्करने भरायची, झिजलेली कड धारदार पात्याने मिलिमीटरभर कापून सरळ करायची, एका प्रतीची पाने दुसरीत घालायची आणि घेणाऱ्याला चकार शब्द सांगायचा नाही. भिंग, अतिनील दिवा आणि सवयीची नजर यांशिवाय हे पकडता येत नाही. सामान्य संग्राहकाकडे यातले काहीच नव्हते. अवस्थेबद्दलचे मतभेद एक वेळ सोसता येत, ही लबाडी सोसता येत नव्हती.

डिसेंबर १९९१ मध्ये सदबीजने न्यू यॉर्कमध्ये कॉमिक्सचा मोठा लिलाव केला आणि चित्रांच्या, जवाहिरांच्या दालनात सुपरमॅन जाऊन बसला. पुढच्याच वर्षी ओव्हरस्ट्रीट आणि गॅरी कार्टर यांनी प्रतवारीवर स्वतंत्र पुस्तक काढले, त्यात शंभर गुणांची पट्टी होती. हे पुस्तक मला फार महत्त्वाचे वाटते. कोपरा किती गोल झाला, स्टेपलभोवती किती ताण पडला, कागद किती पिवळा, हे त्याने छायाचित्रांसह दाखवले. तरीही पट्टी विक्रेत्याच्याच हातात राहिली.

मधल्या काळात बाजार फुगला आणि फुटला. १९९१ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांवर प्रती निघाल्या, सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद होऊन आला आणि लोकांनी तो न उघडताच गुंतवणूक म्हणून ठेवला. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नव्या अंकांवरचा विश्वास गेला, पैसा पुन्हा जुन्या आणि दुर्मीळ अंकांकडे वळला. याच सुमारास ईबे आले. अनोळखी माणसाकडून, न पाहता, धूसर छायाचित्रावर माल घ्यायचा : १९६० च्या दशकातली टपालाची अडचण हजारपटीने मोठी होऊन परत आली.

उपाय नाण्यांच्या बाजारात तयार होता. तिथे १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्था सुरू झाल्या होत्या. नाणे तिऱ्हाइताने तपासायचे, त्याला अंक द्यायचा आणि पारदर्शक डबीत कायमचे बंद करायचे. १९९१ पासून पीएसए या संस्थेने खेळाडूंच्या कार्डांना हेच लागू केले. कॉमिक्सचे मात्र सोपे नव्हते. नाण्याला दोन बाजू असतात. कॉमिकला साठ-सत्तर पाने, घडी, स्टेपल आणि वर आम्लधारी कागद. बंद डबीत हा कागद स्वतःच्याच वाफांत खराब व्हायची भीती होती. पाने मोजणार कोण आणि आतले फाटलेले कुपन शोधणार कोण, हा प्रश्न वेगळाच.

जानेवारी २००० मध्ये एनजीसीची भगिनी संस्था म्हणून सीजीसी, म्हणजे कॉमिक्स गॅरंटी, काम करू लागली. सुरुवातीचे ठिकाण न्यू जर्सीतले पार्सिपनी, नंतर फ्लोरिडातले सॅरासोटा. प्रमुख परीक्षक स्टीव्ह बोरॉक, स्वतः मुरलेले संग्राहक. परीक्षकांनी कॉमिक्सचा व्यापार करायचा नाही, हा नियम संस्थेने घातला. माझ्या लेखी संस्थेची खरी पायाभरणी ही. आलेल्या प्रतीची पाने मोजायची, दुरुस्ती आहे का ते तपासायचे, एकाहून अधिक परीक्षकांनी आपापला अंक द्यायचा आणि शेवटच्याने निर्णय करायचा. पट्टी ०.५ ते १० अशी. मग प्रत आतल्या पातळ खोबणीत ठेवून कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करायची, जाड अंकांत वाफा शोषणारा खास कागद घालायचा. या डबीला लोक ‘स्लॅब’ म्हणू लागले. वर अंक, पानांचा रंग, नोंदणी क्रमांक. शिवाय कोणत्या अंकाच्या किती प्रतींना काय गुण मिळाले याची गणना सर्वांना खुली.

जुन्या व्यापाऱ्यांपैकी अनेकांना हे पटले नाही. पण स्लॅबमधली प्रत न पाहता विकली जाऊ लागली आणि विरोध हळूहळू मावळला. अर्ध्या गुणाचे मोल किती वाढले, हे पुढे २०१० मध्ये दिसले. फेब्रुवारीत ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची ८.० ची प्रत दहा लाख डॉलरना गेली, तर मार्चमध्ये ८.५ ची प्रत पंधरा लाखांना.

सुरुवातीच्या वर्षांत सर्वांत जास्त घाव घातला तो जांभळ्या लेबलाने. सर्वसाधारण प्रतीला निळे, स्वाक्षरी समक्ष घेतलेल्या प्रतीला पिवळे आणि दुरुस्त केलेल्या प्रतीला जांभळे. ज्यांनी हजारो डॉलर मोजून निर्मळ म्हणून प्रती घेतल्या होत्या, त्यांच्या हातात जांभळे लेबल आले आणि किंमत कोसळली. लबाडी उघडी पडली हे चांगलेच झाले. पण त्याच रंगाखाली मार्करवाला आणि जपानी कागदवाला एकाच रांगेत उभे केले गेले, हा अन्याय होता. तुटत चाललेल्या कागदाला जगवणाऱ्या कारागिराचे काम बाजाराने कलंक ठरवले. दुरुस्तीच्या प्रमाणाची आणि दर्जाची नोंद लेबलावर असते, पण घेणारा आधी रंग पाहतो. लोक पूर्वीची दुरुस्ती खरवडून काढू लागले, म्हणजे जांभळ्यापेक्षा फाटके निळे बरे. ऐतिहासिक कागदाच्या बाबतीत याहून उलटे काही असू शकत नाही.

तपासनीसही चुकत होते. पहिल्या डब्यांत पातळ अंक सैल राहत आणि टपालात हिंदकळून कोपरे दुखावत. २००० च्या दशकाच्या मध्यावर एका विक्रेत्याने कडा बारीक कापलेल्या कित्येक प्रती निळ्या लेबलाने पास करून घेतल्याचे उघडकीला आले. ते शोधले संग्राहकांनी, एकाच प्रतीची जुनी आणि नवी छायाचित्रे शेजारी ठेवून. कार्डांच्या जगात तर पीएसएने सर्वांत पहिले तपासलेले बेसबॉलपटू होनस वॅगनरचे प्रसिद्ध कार्डच कापलेले निघाले. ते कापल्याची कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली. आणि सीजीसीने आपले निकष पुस्तकरूपाने जाहीर करायला दोन दशकांहून अधिक काळ घेतला. न्यायाधीश स्वतंत्र हवा, तसा त्याचा कायदाही लोकांना वाचता यायला हवा. इथे ही संस्था फार काळ कमी पडली.

एक वाद मात्र मिटलेला नाही. उष्णता आणि दाब देऊन घड्या सपाट करणे, म्हणजे प्रेसिंग, याला सीजीसी दुरुस्ती मानत नाही. त्यामुळे २००० सालच्या आसपास बंद झालेल्या डब्या फोडायच्या, प्रत दाबून घ्यायची आणि पुन्हा तपासायला पाठवायची, अशी रीतच पडली. ९.२ ची प्रत ९.६ होऊन येते. जुने लेबल संस्थेला परत पाठवले नाही, तर गणनेत तीच प्रत दोनदा मोजली जाते. त्या सुरुवातीच्या वर्षांची गणना वाचताना जाणते संग्राहक आजही काही प्रती मनातल्या मनात वजा करतात, आणि चर्च यांच्या संग्रहातली, कधीच न दाबलेली प्रत जुन्याच डबीत मिळाली, तर तिच्यासाठी जास्त मोजायला तयार असतात.