‘लीन’ म्हणजे कामगारकपात नव्हे

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यात ‘लीन’ राबवायचं ठरलं, की पहिली कुजबुज होते ती नोकऱ्या जाण्याची. धास्ती अगदीच निराधार नाही. कपातीला हे गोंडस नाव देणारेही असतात.

मूळ पद्धत टोयोटाची, दुसऱ्या महायुद्धानंतर ताइइची ओनो यांनी घडवलेली. ग्राहक ज्याचे पैसे मोजत नाही, ते तिच्या लेखी ‘मुदा’ (वाया जाणारं): खोळंबा, जादा साठा, फेरकाम. खानावळीत गिऱ्हाईक बसलं की पोळी तव्यावर पडते. दिवसभराच्या पोळ्या सकाळीच लाटून ठेवत नाहीत.

प्रेस शॉपमध्ये (पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या विभागात) मात्र तेच घडतं. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला दोन तास लागत असतील, तर एकदा लावलेल्या डायवर महिन्याचा माल काढून ठेवला जातो. क्रेट साचतात. कडेला बर (धारदार कंगोरा) राहिल्याचं उशिरा कळतं आणि अख्खा लॉट रिजेक्ट होतो. पुढची डाय, बोल्ट, पाने मशीन चालू असतानाच जवळ आणून ठेवले, तर बदल झटपट होतो, छोटे लॉट परवडतात. माणसं तेवढीच राहतात; पाना शोधायची पायपीट तेवढी वाचते.

हे शिकवणाऱ्या सल्लागाराचा भारही हलका होतो: केंद्र सरकारच्या मार्च २०२३ मधल्या सुधारित लीन योजनेत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या सल्लागार-खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं.